खाली बसलेली काजळी

पाणी पेल्यात पडलं नाही. मिस्तरींनी जग उचलला, नीट धरला, तिरका केला आणि पेल्याच्या चार बोटं अलीकडे, सरळ टेबलावर पाणी ओतलं. ओततच राहिले. टेबलावरून ते मांडीवर आलं तेव्हा कुठे त्यांना कळलं. मग त्यांनी जग खाली ठेवला, तोही टेबलाला टेकायच्या आधीच सोडला असावा, कारण समोर बसलेला माणूस दचकून मागे सरकला. हे सगळं तिनं रस्त्याच्या या बाजूनं, फोटोवाल्याच्या दारात उभं राहून पाहिलं. मध्ये वाहनं जात होती, पलीकडच्या खाणावळीची काच मळकी होती, तरी तिला सगळं लख्ख दिसलं. टेबलाच्या कडेवर पाण्याची धार दोन ठिकाणी फुटली हेसुद्धा. तिच्या हातात तिचे स्वतःचे आठ फोटो होते. पुढच्या महिन्यात परदेशातल्या परिषदेला जायचं होतं, त्या कागदपत्रांसाठी. फोटोवाला नुकताच हसत म्हणाला होता की तुम्ही दोनदा डोळे मिटलेत, एवढ्याशा दिव्याला काय घाबरता. रस्ता ओलांडून जावं, निदान खिशातला रुमाल तरी पुढे करावा, असं तिच्या मनात आलं. आलं म्हणजे शब्दांत आलं. पाय उलट्या दिशेनं चालू लागले होते. दोन थांबे ती तशीच चालत गेली. तिसऱ्या थांब्यावर लक्षात आलं की मूठ इतकी आवळली आहे की आठही चेहरे मधोमध दुमडले आहेत.

अपघाताला सात महिने झाले होते. सात महिन्यांत तिनं मिस्तरींना एकदाच पाहिलं होतं, तेही दवाखान्यात, डोळ्यावर पट्टी असताना, आणि तेव्हा खोलीत आणखी चारजण होते.

कागदोपत्री त्यांचं पद लांबलचक होतं, पण प्रयोगशाळेत त्यांना कुणी त्या पदानं हाक मारल्याचं तिला आठवत नव्हतं. आरसा बसवायचा तर मिस्तरी, पंप खोकायला लागला तर मिस्तरी, संचालकांच्या खोलीतलं घड्याळ मागे पडलं तरी मिस्तरी. सोळा वर्षांपूर्वी ती इथं रुजू झाली तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी तिला विचारलं होतं, की बाई, तुम्ही नुसतं गणित करणार की हातही काळे करणार? ती म्हणाली होती, दोन्ही. मग हात काळे झालेच, कारण तिचं कामच काजळीचं. कार्बनच्या नळ्या, केस उभा चिरून त्याचे हजारो भाग करावेत इतक्या बारीक. नुसत्या डोळ्यांना ती काळी भुकटीच दिसते. ती पाण्यात कालवायची, त्या पाण्यात साबणासारखं एक द्रव्य घालायचं, म्हणजे भुकटी तरंगत राहते, आणि राखाडी झालेलं ते पाणी अंगठ्याएवढ्या चौकोनी काचेच्या कुपीत भरायचं. मिस्तरी सगळ्यांना सांगत, एवढं शिकून बाईंनी शेवटी काजळीच धरली. हे ते संचालकांसमोरही म्हणत आणि तिला त्याचा कधी राग आला नव्हता.

काजळी साधी नव्हती. साधा उजेड त्या पाण्यातून पलीकडे जायचा. खिडकीतलं झाड, समोरची भिंत, सगळं दिसायचं, जरा धुरकट इतकंच. पण लेझरचा प्रखर झोत आला की त्या नळ्या क्षणात तापायच्या, त्यांच्याभोवती बुडबुडे फुटायचे, आणि झोत चहूकडे उधळून जायचा. उजेड दुप्पट केला तर पलीकडेही दुप्पट पोचावा, हा सरळ हिशोब. हे पाणी तो हिशोब मोडायचं. उजेड वाढवावा तसतसं ते उजेडाला अधिकच अडवायचं. याला अरेषीय म्हणतात हे ती व्याख्यानात सांगायची तेव्हा समोरचे लोक वहीत तो शब्द लिहून घ्यायचे. कुपी एका भिंगाच्या पुढ्यात ठेवायची, जिथं झोत सुईच्या टोकाइतका बारीक होतो त्या जागेतून ती तसूतसूनं पुढेमागे सरकवायची, आणि पलीकडे किती उजेड पोचला ते मोजायचं. कागदावर मग एक रेघ उमटायची, सरळ चालता चालता मध्येच खोल खड्ड्यात उतरणारी. तो खड्डा जितका खोल तितकं पाणी चांगलं. अशा पाण्याचा, अशा काचेचा चष्मा करता येईल, लेझरसमोर काम करणाऱ्यांचे डोळे वाचतील, हे तिनं अकरा वर्षं अर्जांत, अहवालांत, भाषणांत सांगितलं होतं. डोळे वाचतील. तिचं या वाक्यावर खरंच प्रेम होतं.

घरी आल्यावर तिनं फोटो पुस्तकाखाली दाबून ठेवले. नवरा वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होता. तो दातांचा डॉक्टर. दुखतंय का असं विचारायचं आणि उत्तराची वाट न बघता पुढचं काम करायचं, ही सवय घरातही तशीच. तिनं मिस्तरी दिसल्याचं सांगितलं. बरे आहेत ना, त्यानं विचारलं आणि टॉवेल झटकला. पाणी सांडलं त्यांच्या हातून, ती म्हणाली. सगळ्यांच्याच हातून सांडतं, तो म्हणाला. ती स्वयंपाकघरात गेली, नळाखाली जग भरला, पेला ओट्यावर ठेवला, आणि उजवा डोळा तळव्यानं झाकून जग पेल्यावर नेला. धार बरोबर आत पडली. अर्थात पडली, तिचा डावा डोळा शाबूत होता. मिस्तरींचा डावा डोळा जन्मापासून मंद. हा नुसता शोभेचा आहे बाई, ते म्हणत, खरं दुकान उजवीकडे. त्या उजव्या डोळ्याच्या जोरावर ते लेझरचा झोत एका आरशावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर आणि तिथून टाचणीच्या भोकातून पलीकडे काढत. स्क्रूला बोटाच्या पेरानं नुसता स्पर्श, श्वास रोखलेला, मानेवरची एक शीर ताठ. झालं, असं ते इतक्या हळू म्हणत की शेजारच्यालाच ऐकू जावं.

अपघात झाला त्या दिवशी मंगळवार होता. दुसऱ्या दिवशी बाहेरची मंडळी येणार होती, तिचं पाणी प्रत्यक्ष बघायला. त्यांना पटलं असतं तर काम कुपीतून निघून कारखान्यात गेलं असतं. कुपी तिनं आदल्या संध्याकाळीच, दोन आठवड्यांपूर्वी कालवलेल्या मिश्रणानं भरून ठेवली होती. सकाळी दिवा लावला तेव्हा तिची नजर कुपीवर गेली. तळाशी गडद, वर फिकट. वरचा एक तृतीयांश भाग तर जवळजवळ साधं पाणी. काजळी खाली बसली होती. यात आश्चर्य काही नव्हतं. तिच्या निबंधात लिहिलेलं होतं की हे मिश्रण नव्वद दिवस टिकतं आणि त्यात लक्षणीय बदल आढळत नाही. पण अकराव्या दिवसापासून ते खाली बसायला लागतं हे तिला ठाऊक होतं. कुपी हलवली की ते पुन्हा सारखं होई, मग मोजमाप घेतलं की आकडे पहिल्यासारखेच येत. हलवल्याचं लिहिलं नव्हतं, एवढंच. आणि त्या सकाळी हलवायचं राहून गेलं. राहून गेलं, की हलवलं नाही? हा प्रश्न तिनं स्वतःला इतक्या वेळा विचारला होता की आता त्यातले शब्दच झिजले होते. तिनं फिकट पाणी पाहिलं, तेवढ्यात फोन वाजला, कुणीतरी उद्याच्या जेवणात किती माणसं धरायची ते विचारत होतं. फोन ठेवून ती यंत्राकडे वळली आणि लेझर पूर्ण ताकदीवर नेला; झोत कुपीच्या त्याच फिकट भागातून जात होता. आकडे वेडेवाकडे यायला लागले. मिस्तरी म्हणाले, झोत भोकाच्या कडेला घासतोय, ताकद कमी करा, मी एकदा सरळ करून देतो. ताकद कमी केली की यंत्र पुन्हा स्थिर व्हायला पाऊण तास लागतो. मिस्तरी संरक्षक चष्मा चढवून वाकले. त्या चष्म्यातून हिरवा झोत दिसतच नाही, त्यासाठीच तो असतो. त्यांनी तिच्याकडे मान वळवली. ती म्हणाली, कुपी समोर आहे ना, मिनिटभर चष्मा काढला तरी चालेल.

चालेल. हाच शब्द तिनं वापरला होता.

आरडाओरडा काही झाला नाही. ते कुपीच्या पलीकडे, झोताच्या उंचीवर डोळा आणून वाकले, भोकाच्या चकतीवरचा स्क्रू चाचपला, आणि त्या चकतीची धातूची कड चमकली. मिस्तरी सावकाश सरळ झाले. “बाई, झोत बंद करा,” ते म्हणाले, नेहमीच्याच आवाजात. नंतर त्यांनी दवाखान्यात सांगितलं की डोळ्याच्या आत बारीक आवाज झाला, पेन्सिलीचं टोक मोडल्यासारखा. तिनं झोत बंद केला. त्यांना खुर्चीत बसवलं. त्यांनी दोन्ही हातांनी डोळा झाकला होता. आणि मग, दार उघडून कुणाला हाक मारायच्या आधी, ती टेबलाशी गेली, तिनं कुपी उचलली, बूच दाबून धरलं आणि तीनदा हलवली. ठरवून नव्हे. पण कुणी हात धरून करून घेतलं असंही नव्हे. कुपी जागेवर ठेवली तेव्हा पाणी वरपासून खालपर्यंत एकसारखं राखाडी होतं.

चौकशी समितीनं ती कुपी सीलबंद केली, तपासली, आणि मिश्रण योग्य असल्याचं नोंदवलं. समितीत तीन माणसं होती, सभ्य, चहा पुढे करणारी. त्यांनी विचारलं, चष्मा उपलब्ध होता का? ती म्हणाली, खुंटीला सहा चष्मे असतात. नियम माहीत होते का? दारावर लावलेले आहेत. मिस्तरी अनुभवी होते का? सर्वांत अनुभवी. एकही उत्तर खोटं नव्हतं. बाहेर आल्यावर तिला वाटलं, आपण काही बोललोच नाही, नुसत्या खोलीतल्या वस्तू मोजून दाखवल्या. तुम्हीच त्यांना चष्मा काढायला सांगितलंत का, हे त्यांनी विचारलं नाही. कारण तोवर मिस्तरींचं निवेदन आलेलं होतं. चष्मा मी माझ्या मनानं काढला, असं त्यात लिहून खाली सही केलेली होती. सही ओळीच्या खाली घसरली होती. सेवापुस्तकात शेरा बसला, स्वतःचा निष्काळजीपणा, आणि सहा वर्षं उरलेली असताना मिस्तरींनी निवृत्ती घेतली. त्यांनी असं का लिहून दिलं असेल? धक्क्यामुळे आठवत नसेल, असं तिनं पहिल्या आठवड्यात ठरवलं. मग ठरवलं, सोळा वर्षांचा लोभ आहे. लोभ म्हटलं की बरं वाटायचं, झोप लागायची, आणि सकाळी त्या शब्दाची चव तोंडात कडू झालेली असायची.

फोटो पुस्तकाखाली सरळ झाले नाहीत. चेहऱ्यावरून आडवी पांढरी रेघ राहिली. ते पाहताना तिला वडील आठवले, कारण नसताना. किंवा कारण असेल. वडील छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. ती आठ-नऊ वर्षांची असताना सूर्याला ग्रहण लागलं होतं. वडिलांनी खिडकीची तुटकी काच धुऊन पुसली, चिमणीच्या ज्योतीवर धरली आणि तिच्यावर काजळी चढवली, एक थर, मग आणखी एक. भावाला आणि तिला घाई झाली होती. भाऊ तर हिसकावूनच घ्यायला निघाला. वडिलांनी हात उंच केला. आधी मी बघतो, ते म्हणाले, मला काही झालं नाही तर तुम्ही. त्यांनी काच स्वतःच्या डोळ्याला लावली आणि ते खूप वेळ बघत राहिले, दोघं खाली पाय आपटत असताना. ज्याचं पोट डोळ्यांवर, अक्षरं उलटी वाचण्यावर, त्या माणसानं. तिला तेव्हा ते नुसते चेंगट वाटले होते.

शनिवारी दुपारी ती मिस्तरींकडे गेली. तळमजल्यावरचं घर, पुढे शिवणकामाचं दुकान, बाजूनं बोळातून दार. वहिनींनी, मिस्तरींच्या बायकोनं, दार उघडलं. या बाई, आठवण झाली म्हणायची, त्या म्हणाल्या, आणि खुर्चीवरचे कपडे उचलायला जरा जास्तच वेळ घेतला. खोलीत सगळ्या कडांना लाल चिकटपट्टी होती. टेबलाची कड, पलंगाची कड, कपाटाचं दार, खिडकीची चौकट. पट्टी प्रयोगशाळेतली होती. झोताच्या वाटेवर खूण करायला मिस्तरी हीच वापरत. पेले दिसत नव्हते, फडताळात सगळी रुंद तोंडाची भांडी मांडलेली. मिस्तरी पलंगावर बसले होते. तिचा आवाज ऐकून त्यांनी मान थोडी बाजूला वळवली आणि तिच्या कानाच्या दिशेनं पाहिलं. समोर बघितलं की चेहरा जातो, त्यांनी समजावलं, मधोमध भोक पडल्यासारखं, कडेनं बघितलं की थोडा सापडतो. ते अगदी तांत्रिक स्वरात बोलत होते, एखाद्या बिघडलेल्या यंत्राविषयी सांगावं तसे. तंत्रशाळेतून बोलावणं आलं होतं म्हणाले, मुलांना काच घासायला, आरसे बसवायला शिकवायचं. हातांना सगळं येतं अजून, सांगता तरी येईल. पण त्यांना सेवापुस्तक हवं होतं. शेरा वाचला आणि गप्प झाले. ज्यानं स्वतःचा डोळा सांभाळला नाही तो मुलांचे काय सांभाळणार, असं कुणीतरी म्हणालं म्हणे. यात त्यांचं काही चुकलं नाही, मिस्तरी म्हणाले.

तिनं बोलायला सुरुवात केली ती भलत्याच ठिकाणाहून. मिश्रण, नव्वद दिवस, अकरावा दिवस. वहिनी दाराला टेकून उभ्या होत्या. मिस्तरींनी तिला मध्येच थांबवलं.

“ते सोडा. तुम्ही कुपी हलवलीत.”

वहिनी दारापासून हलून खिडकीपाशी गेल्या.

“माझा डोळा मिटलेला होता, कान नव्हते मिटलेले. काचेत पाणी हललं. तीनदा. मग दार उघडलं.”

बाहेर शिवणयंत्र चालू झालं आणि थांबलं. ती म्हणाली, मग तुम्ही त्यांना सांगितलं का नाही. हे विचारताना तिचा आवाज तिलाच चढलेला वाटला, जणू दोष त्यांचा होता. मिस्तरी पलंगाच्या कडेवरची पट्टी बोटानं चाचपत म्हणाले,

“मला वाटलं, तुम्ही सांगाल. मी सांगितलं असतं तर ते तुमच्यावर आलं असतं. तुम्ही सांगितलं असतं तर ते तुमचं झालं असतं. म्हणून तेवढी जागा मी सोडली. आठवड्यात सांगतील, वाटलं. मग वाटलं, महिन्यात.”

वहिनी म्हणाल्या, सात महिने हे मला रोज विचारतात, कुणाचा फोन आला होता का. हे त्या तिच्याकडे न बघता, खिडकीवरच्या सुटलेल्या पट्टीवर अंगठा दाबत म्हणाल्या. ती उठली. निघताना तिनं सांगितलं की ती सोमवारी सगळं लिहून देणार आहे. मिस्तरींनी मान हलवली, होकाराची की नुसती, तिला कळलं नाही.

रविवारभर ती लिहीत बसली. पहिल्या मसुद्यात चार पानं झाली. त्यात दडपण होतं, पाहुणे होते, फोन होता. संध्याकाळी ती पानं तिनं फाडली. उरलं ते अर्ध्या पानात मावलं. मिश्रण खाली बसलं होतं आणि मी ते पाहिलं होतं. लेझर पूर्ण ताकदीवर ठेवून चष्मा काढायला मी सांगितलं. अपघातानंतर मी कुपी हलवली. नवऱ्याला वाचायला दिलं तर त्यानं दोनदा वाचलं. त्याचा चेहरा इतका उतरलेला तिनं कधी पाहिला नव्हता. मला का नाही सांगितलंस, एवढंच तो म्हणाला, आणि या वेळी उत्तराची वाट बघत बसून राहिला. शेवटी त्यानं विचारलं की आता देऊन काय होईल, आणि हे तो रागानं म्हणत नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. नियतकालिकाला वेगळं पत्र गेलं, निबंध मागे घेत असल्याचं. तिनं ते पाठवलं तेव्हा तिला काहीतरी हलकं वाटेल अशी अपेक्षा होती. हात धुवावेसे वाटले, तेवढंच.

संचालकांनी कागद वाचला, पालथा ठेवला, पुन्हा सुलटा केला. ते वाईट माणूस नव्हते; दवाखान्याच्या खर्चासाठी, रजेसाठी त्यांनीच धावपळ केली होती. त्यांनी तिला समजावलं की प्रकरण मिटलेलं आहे, संस्थेचं नाव आहे, बारा माणसांचं काम त्या पाण्यावर उभं आहे. मिस्तरींचा शेरा आपण दोन वर्षांनी शांतपणे काढून टाकू, असंही म्हणाले. ती म्हणाली, तंत्रशाळा दोन वर्षं थांबणार नाही. मग त्यांनी तिच्याकडे जरा नीट पाहिलं आणि म्हणाले की प्रकरण पुन्हा उघडलं तर सगळंच उघडेल, तुम्हाला हवं तेवढंच नाही. याचा अर्थ तिला तेव्हा समजायला हवा होता. तिला वाटलं, ते तिच्या नोकरीविषयी बोलताहेत. त्याची तयारी होती. उलट नोकरी गेली तर बरंच, असं तिला वाटत होतं. आपल्याला काहीतरी जोरात लागावं, याची तिला भूकच लागली होती.

समिती तीच होती. या वेळी तिला सगळे प्रश्न विचारले गेले आणि तिनं सगळ्यांची उत्तरं दिली. मग त्यांनी मिस्तरींना बोलावलं. वहिनी त्यांना हाताला धरून घेऊन आल्या, त्या बाहेर बाकावर बसल्या, मिस्तरी आत पाऊण तास होते. काय विचारलं हे नंतर निकालाच्या कागदातून कळलं. चष्मा काढायला सांगितल्याचं तुम्हाला आठवत होतं का? हो. कुपी हलवल्याचं तुम्हाला कळलं होतं का? हो. मग पहिल्या निवेदनात तुम्ही लिहिलं ते तुम्हाला खोटं आहे हे माहीत होतं का? मिस्तरींनी यालाही हो म्हटलं होतं. दुसरं काही म्हणता येतं हे त्या माणसाला सुचलंच नसणार.

तीन आठवड्यांनी दोघांना निकाल घ्यायला तिसऱ्या मजल्यावर बोलावलं. कारकुनानं दोन लिफाफे दिले आणि दोन सह्या घेतल्या. मिस्तरींना सही कुठं करायची ते त्यानं बोटानं दाखवलं, मग त्यांचं बोट धरून त्या जागी ठेवलं. वहिनी आल्या नव्हत्या. शिवणाचं काम अडलं होतं म्हणून शेजारचा रिक्षावाला त्यांना दारापर्यंत सोडून गेला होता, खाली थांबला होता. बाहेरच्या बोळकांडीत मिस्तरींनी लिफाफा तिच्याकडे दिला. वाचा, ते म्हणाले. तिनं आधी स्वतःचा फोडला. प्रयोगशाळा बंद, तिच्याकडचं काम काढून घेतलेलं, ग्रंथालयात जुन्या अहवालांची सूची करायला बदली. तिनं तो घडी करून ठेवला. मग त्यांचा वाचला, आधी मनात. स्वतःचा निष्काळजीपणा हा शेरा रद्द करण्यात येत आहे. त्याखाली दुसरं वाक्य होतं. चौकशी समितीपुढे जाणूनबुजून खोटं निवेदन दिल्याची नोंद सेवापुस्तकात घेण्यात येत आहे.

तिनं पहिलं वाक्य मोठ्यानं वाचलं. मिस्तरी वाट बघत उभे होते, मान कडेला वळवलेली, तिच्या ओठांचा थोडासा भाग पकडायचा प्रयत्न करत. कागदावर अजून मजकूर आहे हे त्यांना दिसत नव्हतं. रिक्षावाला वाचून दाखवेल. वहिनी दाखवतील. तंत्रशाळेतला कारकून दाखवेल. तिला वाटलं, इथंच थांबावं. निदान घरी पोचेपर्यंतचा रस्ता तरी त्यांना मिळेल. हे वाटलं आणि त्याच क्षणी तिला कळलं की ती पुन्हा काय करायला निघाली आहे. तिनं दुसरं वाक्यही वाचलं, एकही शब्द न गाळता.

मिस्तरींचा चेहरा बदलला नाही. “खोटं तर होतंच,” ते म्हणाले. मग हात पुढे केला. तिनं कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो चाचपून चार पदरी दुमडला, कडा नखानं दाबल्या, आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. ती बोलू लागली, की ती पुन्हा अर्ज करेल, वर लिहील, तंत्रशाळेत स्वतः जाऊन सांगेल. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. आता नको, ते म्हणाले, पुष्कळ झालं सांगून. आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला धरायला काहीतरी मिळालं असतं.

ते जिन्याकडे निघाले. लिफ्ट त्या इमारतीत नव्हतीच. जिन्याच्या तोंडाशी ते थांबले, उजव्या हातानं कठडा शोधला, एक पाऊल पुढे करून पायरीची कड चाचपली, आणि परत मागे घेतलं. ती पटकन त्यांच्या पुढे झाली, दोन पायऱ्या उतरली, वळून त्यांच्यासमोर उभी राहिली, दोन्ही हात थोडे पसरून. लहान मूल पहिल्यांदा चालतं तेव्हा उभं राहतात तशी. मिस्तरी तसेच उभे राहिले. खालच्या वळणावर खिडकी होती, उजेड तिच्या पाठीमागून येत होता.

“बाई, पुढ्यातून बाजूला व्हा,” ते म्हणाले. “तुमच्यामुळे पायरी दिसत नाही.”

ती भिंतीला अंग चोरून उभी राहिली. ते तिच्या अगदी जवळून गेले, सदरा घासून, कठड्यावरचा हात न सोडता, प्रत्येक पायरी आधी टाचेनं आणि मग चवड्यानं तपासत. वळणावर ते दिसेनासे झाले. त्यांच्या वहाणांचा आवाज मात्र बराच वेळ येत राहिला, एक, मग थांबणं, मग एक. खालचं दार उघडलं, रस्त्याचा गोंगाट वर आला, आणि दार मिटलं. ती तिथंच उभी होती.